अंडी धुतली म्हणजे बियाणे शुद्ध झाले काय?

भंडारा जिल्ह्याचे नाव बाहेरच्या बाजारात दोन जिनसांनी ओळखले जाते. एक पितळेची भांडी आणि दुसरे कोशाचे कापड. मोहाडी, आंधळगाव या भागातील विणकरांची करवतकाठी साडी आजही जाणकार ग्राहक विचारत येतो. या कापडाचा भाव, पोत, काठ आणि रंग यांवर आपण व्यापारी तासन् तास बोलतो. पण ज्या अंड्यापासून हे सूत सुरू होते त्या अंड्याविषयी आपल्यापैकी फार थोड्यांना माहिती असते. सुताचा तुटवडा पडला की आपण दलालाला दोष देतो, भाव चढला की सरकारला दोष देतो. खरे कारण पुष्कळदा चार महिने आधीच, बियाण्याच्या टोपलीत घडून गेलेले असते.

म्हणून आजचा पाठ अंड्याचा आहे. अंडी निर्जंतुक करणे म्हणजे काय, ती कशी धुतात, धुण्याने काय जाते आणि काय जात नाही, हे व्यापारी आणि कारागीर बांधवांनी एकदा नीट समजून घ्यावे. पुढे आपण हेही पाहू की हीच रीत माशीच्या अंड्यांना लावून परदेशात बऱ्या न होणाऱ्या जखमांवर इलाज केला जातो. कीटक वेगळा, काम वेगळे, पण धडा एकच आहे.

कोशाचे पीक उघड्यावरचे

तुतीचे रेशीम घरात पिकते. अळ्यांना पाला तोडून आणून द्यावा लागतो. तसर म्हणजे आपला कोसा हा जंगलात पिकतो. ऐन आणि अर्जुन या झाडांवर अळ्या सोडतात. त्या तिथेच पाला खातात, चार वेळा कात टाकतात आणि शेवटी फांदीला देठ बांधून टणक कोसा विणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा आपल्या राज्यातील तसरचा मुख्य पट्टा. (गोंदिया हा १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता.) या भागात हे काम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः ढीवर समाजाची मंडळी करीत आली आहेत. ऊन, पाऊस, पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या या सगळ्यांपासून ते झाडाखाली उभे राहून पीक राखतात.

घरातील अळी आजारी पडली तर तिला उचलून बाजूला टाकता येते. झाडावरच्या हजारो अळ्यांना असे कोण वेगळे करणार? आजारी अळीची विष्ठा पानावर पडते, ते पान दुसरी अळी खाते आणि रोग पसरतो. जंगलात औषध मारून रोग आवरणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून तसरच्या धंद्यात शुद्धतेची खरी जागा एकच आहे, आणि ती म्हणजे झाडावर चढण्याआधीचे अंडे. तिथे हलगर्जी झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

अंड्याच्या बाहेर काय असते?

कोशातून पतंग बाहेर पडतो. नर-मादीचे मीलन झाल्यावर मादीला अंडी घालण्यासाठी मातीच्या भांड्यात किंवा छोट्या डबीत एकटी ठेवतात. साधारण तीन रात्रींत ती दीडशे ते अडीचशेच्या आसपास अंडी घालते. एका मादीच्या या सगळ्या अंड्यांना सरकारी भाषेत ‘अंडीपुंज’ म्हणतात. बियाण्याचा व्यवहार याच मापाने होतो.

ही ताजी अंडी स्वच्छ नसतात. त्यांच्यावर तपकिरी रंगाचा चिकट लेप असतो. मादीच्या अंगातील डिंकासारखा पदार्थ, तिने टाकलेला मळ आणि पंखांची खवले त्यात मिसळलेली असतात. या लेपातच जिवाणू, विषाणू, बुरशी आणि रोगाचे बीजाणू चिकटून बसतात. आठ-दहा दिवसांनी अळी बाहेर येते तेव्हा ती कवच कुरतडून बाहेर येते आणि बऱ्याचदा ते कवच खाते. म्हणजे तिचा या जगातला पहिला घासच त्या घाणीचा असतो. अंडी धुण्याचे सगळे कारण या एका वाक्यात आले.

कापडवाल्याला हे समजायला कठीण नाही. कोरे कापड रंगाच्या हौदात टाकण्यापूर्वी आपण त्याची खळ आणि तेलकटपणा काढतो. तो काढला नाही तर रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात डाग पडतात. अंड्याचेही तसेच आहे. आधी चिकटपणा काढायचा आणि मग औषध लावायचे. चिकट लेपावर औषध ओतले तर ते लेपाच्या वरच राहते, खालचे जंतू सुखरूप राहतात.

धुण्याची रीत

बीजागारात हे काम पायरीपायरीने होते.

पहिली पायरी: अंडी डबीतून सोडवून घेणे. खरवडून काढू नयेत, कवचाला ओरखडा पडला की आतला जीव गेला.

दुसरी पायरी: सौम्य साबणाच्या पाण्यात अंडी हलक्या हाताने धुणे, म्हणजे डिंक सुटतो. त्यानंतर साध्या स्वच्छ पाण्याने साबण काढणे. साबण उरला तर पुढच्या औषधाचा जोर कमी होतो.

तिसरी पायरी: जंतुनाशकाच्या द्रावणात अंडी ठरलेली मिनिटे बुडवून ठेवणे. यासाठी फॉर्मेलिन वर्षानुवर्षे वापरात आहे. इथे घड्याळ समोर हवे. वेळ कमी पडली तर जंतू वाचतात, वेळ जास्त झाली तर अळीच मरते. अंदाजाचे काम नाही.

चौथी पायरी: वाहत्या पाण्यात फॉर्मेलिनचा वास पूर्ण जाईपर्यंत अंडी धुणे.

पाचवी पायरी: जाळीवर किंवा स्वच्छ कागदावर पातळ थर करून सावलीत वाळवणे. उन्हात ठेवू नये. वाळलेली अंडी पुन्हा जुन्या टोपलीत किंवा मातीच्या मळक्या भांड्यात टाकली तर सगळे केलेले फुकट. ज्या हातांनी आणि ज्या भांड्यांत पुढचे काम होणार तेही धुतलेले असले पाहिजेत.

फॉर्मेलिनविषयी एक इशारा. त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, आणि कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. काम उघड्या, वारा खेळणाऱ्या जागी करावे, हातात रबरी मोजे, नाकातोंडाला योग्य मास्क असावा, मुलाबाळांना जवळ येऊ देऊ नये. ब्लीचिंग पावडर आणि फॉर्मेलिन कधीही एकत्र करू नये.

टक्क्याचा हिशेब

आता व्यापाऱ्याच्या आवडीचा विषय, हिशेब. बाजारात मिळणारे फॉर्मेलिन म्हणजे शुद्ध औषध नव्हे. ते फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातील द्रावण आहे. बाटलीवर साधारण ३६ ते ४० टक्के असा आकडा असतो. घोटाळा इथेच होतो.

समजा, पत्रकात लिहिले आहे की २ टक्के फॉर्माल्डिहाइडचे द्रावण तयार करा, आणि बाटलीवर ३६ टक्के लिहिले आहे. एखाद्याने १०० मिलिलिटर द्रावणासाठी बाटलीतले २ मिलिलिटर घेतले आणि ९८ मिलिलिटर पाणी घातले. त्याला वाटले, २ टक्के झाले. प्रत्यक्षात औषध उतरले ०.७२ टक्के, म्हणजे पुरता एक टक्काही नाही. जंतू मरणार नाहीत आणि मनाला समाधान मात्र मिळेल की धुतले.

बरोबर रीत अशी. बाटलीवरच्या आकड्याला हव्या असलेल्या आकड्याने भागा आणि उत्तरातून १ वजा करा. ३६ ला २ ने भागले तर १८, त्यातून १ गेला तर १७. म्हणजे १ भाग फॉर्मेलिनला १७ भाग पाणी. १०० मिलिलिटर फॉर्मेलिन घेतले तर १७०० मिलिलिटर पाणी. बाटलीवर ४० असेल तर १९ भाग पाणी.

त्यामुळे पत्रक वाचताना आधी पाहावे की आकडा ‘फॉर्मेलिन’चा आहे की ‘फॉर्माल्डिहाइड’चा. दोन्हींत अडीच ते पावणेतीन पटींचा फरक पडतो. समजले नाही तर बीज केंद्रातील माणसाला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आणि कोणता टक्का व किती मिनिटे, हे केंद्र सांगेल तेच धरावे. वरचा २ चा आकडा हिशेब समजावण्यापुरता घेतला आहे. बाटली जुनी, तळाशी पांढरा साका बसलेली असेल तर तिचा जोर कमी झालेला असतो, तोही हिशेब मोडतो.

जे धुऊन जात नाही

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चला, अंडी नीट धुतली की काम झाले. नाही. धड्याचा कठीण भाग इथून पुढे आहे.

रेशीमकिड्यांचा एक रोग आहे, पेब्रिन. अतिसूक्ष्म परजीवीमुळे तो होतो. आजारी मादीच्या अंगातून त्याचे बीजाणू अंड्याच्या आत जातात. कवचाच्या बाहेर असलेले बीजाणू धुण्याने निघतील, आतले कसे निघणार? पितळेच्या भांड्याला बाहेरून कितीही चकाकी आणली, कल्हईचा हात दिला, तरी पत्र्यातच चीर असेल तर भांडे गळणारच. आतला रोग घेऊन जन्मलेली अळी काही दिवस इतरांसारखीच दिसते, झाडावर चढते, आणि मग शेजारच्या निरोगी अळ्यांना रोग वाटत सुटते.

या रोगाने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा रेशीम धंदा जवळजवळ बुडवला होता. १८५३ साली तिथे सुमारे २ कोटी ६० लाख किलो कोष पिकले होते, १८६५ पर्यंत ते ४० लाख किलोवर आले. व्यापारी इटलीतून, तुर्कस्तानातून, शेवटी जपानमधून अंडी मागवू लागले. नवीन देशाचे बियाणे एक-दोन हंगाम चांगले जाई, मग तिथेही रोग पोहोचे. १८६५ मध्ये लुई पाश्चर या शास्त्रज्ञाला सरकारने दक्षिण फ्रान्समधील आलेस गावी पाठवले. त्याने आयुष्यात रेशमाचा किडा हाताळलेला नव्हता. पाच वर्षे त्याने हे काम केले आणि १८७० मध्ये त्यावर ग्रंथ छापला.

पाश्चरने काढलेला उपाय आजही जगभर चालतो, भंडाऱ्यातही तोच चालतो. अंड्याकडे पाहू नका, आईकडे पाहा. प्रत्येक मादीने अंडी वेगळी घालावी. अंडी घालून झाली की ती मादी थोड्या पाण्यात किंवा पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात वाटावी आणि तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, सुमारे ६०० पट मोठा करून पाहावा. चमकदार, लांबट-गोल बीजाणू दिसले की त्या मादीचा सगळा अंडीपुंज जाळून टाकावा. दिसले नाहीत तर ती अंडी धुण्यास घ्यावी. ज्याला ‘रोगमुक्त अंडीपुंज’ म्हणतात तो असा तयार होतो. आधी आईची तपासणी, मग अंड्याची धुलाई. एक केले आणि दुसरे सोडले तर अर्धेच काम झाले.

एक साधा हिशेब करू. समजा १०० अंडीपुंज घेतले, प्रत्येकात २०० अंडी. एकूण २०,००० अंडी. त्यांपैकी फक्त ५ माद्या आजारी होत्या आणि त्या न तपासता सुटल्या. त्यांची १,००० अंडी झाली. शंभरात पाच म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण या १,००० अंड्यांतून निघालेल्या अळ्या एका कोपऱ्यात बसत नाहीत. त्या बाकीच्या १९,००० मध्ये मिसळून एकाच झाडांवर महिना-सव्वा महिना राहतात. पाच टक्के खोट ही पाच टक्क्यांवर थांबत नाही. गाठीत एक थान डागी निघाले तर आपण ते बाजूला ठेवतो, उरलेली थाने शाबूत राहतात. जिवंत मालाचे तसे नसते.

हाच धडा दवाखान्यात

आता माशीकडे येऊ. ऐकून किळस वाटेल, पण गोष्ट खरी आणि उपयोगाची आहे.

पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने पाहिले की रणांगणावर कित्येक दिवस पडून राहिलेल्या काही सैनिकांच्या जखमांत माशीच्या अळ्या झाल्या होत्या, आणि तरी जखमा आतून स्वच्छ, लालसर होत्या. अळ्यांनी सडलेले मांस खाऊन टाकले होते. नेपोलियनच्या फौजेतील डॉक्टर लारे यानेही शंभरावर वर्षे आधी अशीच नोंद केली होती. बेअर यांनी १९२८-२९ च्या सुमारास बाल्टिमोर येथे हाडाच्या जुन्या पू-रोगावर अळ्यांचा इलाज सुरू केला. परंतु साध्या माश्यांच्या अळ्यांबरोबर धनुर्वाताचे आणि जखम सडवणारे घातक जंतूही रुग्णापर्यंत पोहोचतात असे दिसून आले. तेव्हा त्यांनी अळीला न धुता अंड्याला धुण्याची वाट धरली. त्यांचा लेख १९३१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. १९४० नंतर पेनिसिलिन आले आणि हा इलाज मागे पडला. पुढे जुन्या औषधांना जंतू दाद देईनात, मधुमेहाच्या पायाच्या जखमा वाढल्या, आणि तो परत आला. २००४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा अळ्यांना दवाखान्यात वापरण्याची परवानगी दिली.

रीत पाहा, किती ओळखीची आहे. हिरव्या चमकदार माशीची एक ठरावीक जात यासाठी पाळतात. ती मांसावर अंड्यांचा चिकट गठ्ठा घालते. आधी द्रावणात तो गठ्ठा सुटा करतात, मग जंतुनाशकात ठरलेली मिनिटे ठेवतात, मग निर्जंतुक पाण्याने धुतात आणि निर्जंतुक खाद्यावर बंद बाटलीत उबवतात. अंडी साधारण दिवसभरात फुटतात. त्याच खेपेतला नमुना वेगळा काढून त्यात जंतू वाढतात का ते तपासतात. नमुना साफ निघाला तरच माल दवाखान्यात वापरतात. तिथे डॉक्टर दर चौरस सेंटिमीटरला पाच ते आठ अळ्या जाळीच्या पट्टीखाली ठेवतात आणि दोन-तीन दिवसांत काढून टाकतात.

माशीच्या अंड्याची आतली बाजू सामान्यतः स्वच्छ असते, घाण कवचावर असते. म्हणून तिथे धुलाईवर मोठी भिस्त ठेवता येते. कोशाच्या अंड्यात आतूनही रोग येतो, म्हणून तिथे आईची तपासणी टाळता येत नाही. एकाच औषधाने दोन्ही अंडी धुता येतील, पण दोन्हींचा भरवसा सारखा नाही. आणि दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. धुणाऱ्याच्या शब्दावर माल पास होत नाही, तपासणीवर होतो.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. जखमेत आपोआप पडलेल्या अळ्या म्हणजे इलाज नव्हे. आपल्या देशात अशीही माशी आहे जिच्या अळ्या जिवंत मांस खातात. घरात मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला जखम असेल आणि तिच्यात अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

व्यापाऱ्याने काय विचारावे?

आपल्यापैकी पुष्कळ जण आता नुसते कापड विकत नाहीत. कोणी कोसा खरेदी करतो, कोणी उत्पादकांना हंगामाआधी उचल देतो, कोणी स्वतः बीजागार काढण्याचा विचार करतो. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक, बियाणे कोठून आले ते विचारा. आपल्या राज्याचे रेशीम संचालनालय १ सप्टेंबर १९९७ पासून नागपूरला आहे. केंद्रीय रेशीम मंडळाची तसरच्या मूळ बियाण्याची यंत्रणा बिलासपूरहून चालते आणि तसरची संशोधन संस्था राँचीला आहे. या साखळीतून आलेल्या बियाण्याचा पत्ता लागतो. जंगलातून कोणीही गोळा करून, टोपलीत एकत्र घालून विकलेल्या अंड्यांचा पत्ता लागत नाही.

दोन, ‘धुतलेले’ या एका शब्दावर पैसे देऊ नका. मादी तपासली काय, कोणी तपासली, किती अंडीपुंज फेकले, याची वही पाहा. ज्या बीजागाराने एकही अंडीपुंज फेकलेला नाही, त्याच्याकडे रोग नाही असे समजण्यापेक्षा तपासणी झाली नसावी अशी शंका आधी घ्या.

तीन, स्वतः बीजागार काढायचे असेल तर कायदा वाचा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून रेशीमकिड्यांचे बियाणे तयार करून विकणाऱ्याला नोंदणी आवश्यक झाली. सूक्ष्मदर्शक आणि तो पाहता येणारा माणूस हा पहिला खर्च धरा, इमारत नंतर.

चार, उचल देताना भाव पाडण्याची घाई करू नका. उत्पादकाने स्वस्त, न तपासलेले बियाणे घेतले तर त्यात त्याचा हंगाम जातो आणि तुमची उचलही जाते. तपासलेल्या बियाण्याचे चार पैसे जास्त पडत असतील तर ते व्यापाऱ्याने वाटून घ्यावे. त्यात उपकार नाही, आपल्याच मालाचा विमा आहे.

आज मोहाडी-आंधळगावच्या मागावर बाहेरून आलेले सूतही चढते. बाहेरचे सूत वाईट असे नाही. पण वैनगंगेच्या काठच्या ऐन-अर्जुनावर पिकलेला कोसा कमी झाला तर ढीवराची रोजी जाते, सूत काढणाऱ्या बाईचे काम जाते, आणि करवतकाठीला ‘आमच्याकडचा माल’ म्हणण्याचा आपला हक्कही हळूहळू जातो. हे सगळे तीन मिलिमीटरच्या एका अंड्यावर उभे आहे. ते अंडे बाहेरून धुतलेले असावे आणि आतून तपासलेले असावे. पुढच्या हंगामाची उचल देण्याआधी बीज केंद्रात एक चक्कर मारा, सूक्ष्मदर्शकातून एकदा स्वतः पाहा आणि मग पैसे मोजा.